वय मोजू नका, सेटिंग मोजा

जुन्या बुलेटचे टॅपेट बसवायला फिलर गेज लागत नाही. इंजिन पूर्ण थंड असावे, पिस्टन कॉम्प्रेशनच्या वरच्या टोकाला आणावा आणि मग पुशरॉड दोन बोटांत धरून फिरवून पाहावा. तो सहज फिरला पाहिजे, पण वर-खाली हलता कामा नये. ओतीव लोखंडी इंजिनाच्या बुलेटसाठी कंपनीच्या पुस्तकातही हीच रीत दिली आहे: थंड इंजिनात गॅप शून्य. शून्य म्हणजे नेमके किती, हे मात्र पुस्तक सांगू शकत नाही. ते बोटांनाच शिकावे लागते.

अकोल्यात अशी बोटे अजून आहेत. मोर्णा नदीच्या पश्चिमेला, असदगडाच्या पडक्या बुरुजांपासून राजराजेश्वराच्या देवळापर्यंत आणि तिथून डाबकी रोडकडे पसरलेले जुने शहर हे अकोल्याचे मूळ गाव. रेल्वे, कापूस आणि बाजार यांच्या मागे शहर पूर्वेकडे वाढत गेले, शोरूम आणि त्यांची सर्व्हिस सेंटरही तिकडेच गेली. इकडे राहिली ती पत्र्याच्या शेडमधली दुकाने. दाराशी ग्रीसने काळी झालेली फरशी, आत खिळ्यांना टांगलेल्या चेन, आणि एखादी राजदूत किंवा येझदी अर्धी उघडून ठेवलेली. गिऱ्हाईक येऊन सांगते, "गाडी मिस मारून राह्यली भाऊ." मिस्त्री लगेच पाना हातात घेत नाही. तो आधी विचारतो, "थंडी असतानी का गरम झाल्यावर?"

या एका प्रश्नात निम्मे निदान होते. गाडी थंड असताना अडखळत असेल आणि तापल्यावर सुधारत असेल, तर संशय पेट्रोल-हवेच्या मिश्रणावर जातो. थंड असताना ठणठणीत आणि दहा किलोमीटरनंतर बंद पडत असेल, तर कंडेन्सर किंवा कॉईल. मिस्त्रीच्या लेखी गाडीचे वय ही केवळ एक माहिती असते, निकाल नसतो. सरकारी कागदावर नेमके उलटे झाले आहे आणि तीच गोष्ट खटकते. तिथे गाडीचे वर्ष पाहिले जाते, तिची अवस्था फारशी कोणी विचारत नाही.

वऱ्हाडात या गाड्या हौस म्हणून आल्या नव्हत्या. १९५५ मध्ये मद्रासमध्ये एनफील्ड इंडिया उभी राहिली आणि १९६२ पर्यंत बुलेटचे सगळे सुटे भाग भारतात बनू लागले. १९६१ मध्ये म्हैसूरला आयडियल जावाचा कारखाना सुरू झाला. तिथली जावा पुढे सत्तरच्या दशकात येझदी झाली आणि १९९६ मध्ये ते उत्पादन थांबले. फरिदाबादच्या एस्कॉर्ट्सने पोलंडच्या एसएचएल गाडीवरून राजदूत १७५ काढली. तीनच गिअर, पण मजबूत सांगाडा, त्यामुळे दुधाचे कॅन आणि खताची पोती ती मुकाट वाहत राहिली. १९८५ साली यामाहा आरएक्स १०० आली, त्याच वर्षी हिरो होंडाची सीडी १०० आली आणि खेड्यातल्या कास्तकाराच्या घरात मोटरसायकल ही नेहमीची वस्तू झाली. बाळापूर, पातूर, अकोट, तेल्हारा या भागातून बाजाराच्या दिवशी अकोल्यात आलेली गाडी जुन्या शहरात दुरुस्तीला टाकायची आणि संध्याकाळी घेऊन जायची, हा शिरस्ता होता. आज त्या गाड्या थोड्या उरल्या आहेत. पण ज्या उरल्या त्यांतल्या बऱ्याच कामावर आहेत, काचेआड नाहीत.

इथेच नियमांची अडचण सुरू होते. २०२१ च्या जुलैमध्ये केंद्राने व्हिंटेज वाहनांसाठी वेगळी नोंदणी आणली. पन्नास वर्षांहून जुनी, मूळ स्वरूपातली दुचाकी किंवा चारचाकी असेल तर 'व्हीए' अक्षरांची खास नंबर प्लेट मिळते. नोंदणीचे शुल्क वीस हजार रुपये आणि मुदत दहा वर्षे. पण अशी गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणे अशा मोजक्या कारणांसाठीच ती बाहेर काढायची. दुसरीकडे साध्या जुन्या मोटरसायकलच्या पुनर्नोंदणीचे शुल्क एप्रिल २०२२ पासून तीनशेवरून हजार रुपये झाले आणि ऑगस्ट २०२५ च्या अधिसूचनेने वीस वर्षांवरच्या मोटरसायकलसाठी ते दोन हजार केले. महाराष्ट्रात त्यावर पर्यावरण कर वेगळा. म्हणजे १९८५ ची आरएक्स १०० व्हिंटेज नाही, कारण पन्नास भरली नाहीत. ती नवीही नाही. रोज दूध घेऊन येणारी राजदूत पन्नाशीला पोचली तरी व्हिंटेज होऊ शकत नाही, कारण ती काम करते. कामाची जुनी गाडी या सगळ्या चौकटीत कुठेच बसत नाही, आणि बसत नाही म्हणून तिच्याकडून फक्त पैसे वाढवून घेतले जातात.

जुन्या गाड्या धूर सोडतात, हा आक्षेप खोटा नाही. टू-स्ट्रोक इंजिनात तर ताजे मिश्रण आत येते त्याच वेळी जळालेला वायू बाहेर जात असतो, त्यामुळे न जळलेल्या पेट्रोलचा बराच भाग सायलेन्सरमधून निघून जातो. ती त्या यंत्राची जन्मजात खोट आहे आणि २००० सालच्या उत्सर्जन निकषांनंतर टू-स्ट्रोक मोटरसायकली बाजारातून गेल्या त्याचे कारणही तेच. कायद्याने मात्र या फरकाची आधीच सोय केली आहे. २००० पूर्वीच्या दुचाकीला पीयूसी चाचणीत कार्बन मोनॉक्साइड साडेचार टक्क्यांपर्यंत आणि हायड्रोकार्बन ९००० पीपीएमपर्यंत चालते. ही मर्यादा सैल आहे हे मान्य. पण नीट सेट केलेली जुनी गाडी त्या मर्यादेच्या पुष्कळ आत राहते, आणि सेटिंग बिघडलेली त्याहून कितीतरी नवी गाडी बाहेर जाते. मोजायचे असेल तर हे मोजावे.

गंमत म्हणजे पीयूसीची ती चिठ्ठी हेच जुन्या गाडीच्या मालकाच्या हातातले सर्वात स्वस्त मोजमाप आहे, आणि तिच्याकडे कोणी पाहत नाही. बीएस-४ पूर्वीच्या गाडीला दर सहा महिन्यांनी पीयूसी करावी लागते. म्हणजे वर्षातून दोनदा कार्बन मोनॉक्साइडचा आकडा आयता छापून मिळतो. तो साडेचारला टेकला असेल तर स्लोवर पेट्रोल जास्त जाते आहे. अर्ध्या टक्क्याच्या आसपास घसरला असेल तर मिश्रण कोरडे आहे आणि इंजिन आतून तापते आहे. ही चाचणी फक्त स्लोवरची असते, पूर्ण थ्रॉटलवर काय चालले आहे ते तिच्यातून कळत नाही. तरीही मिस्त्रीच्या हाती ती दिली तर एअर स्क्रू किती फिरवायचा याचा अंदाज त्याला बांधता येतो. एरवी ती चिठ्ठी पोलिसांना दाखवण्यापुरती पाकिटात पडून राहते.

सर्व्हिसिंगच्या क्रमाबद्दल जुने मिस्त्री हट्टी असतात आणि तो हट्ट योग्य आहे. आधी टॅपेट, मग करंट, कार्बुरेटर शेवटी. नव्या हातांची पहिली धाव कार्बुरेटरच्या स्क्रूकडे असते, कारण तो बाहेर दिसतो आणि फिरवला की आवाज लगेच बदलतो. पण पॉइंट जळालेले असतील तर कार्बुरेटर कितीही सेट केला तरी पंधरा दिवसांत गाडी पुन्हा दारात येते. बुलेटच्या पॉइंटचा गॅप ०.३५ ते ०.४० मिलिमीटर. पिस्टन वरच्या टोकापासून ०.८ मिलिमीटर खाली असताना पॉइंट उघडायला सुरुवात झाली पाहिजे. हे पाहण्यासाठी प्लगच्या भोकातून सायकलचा स्पोक सोडतात आणि पॉइंटच्या मध्ये पातळ कागद धरतात. कागद सुटला तो क्षण टायमिंगचा. पॉइंटच्या एका तोंडावर टेकाड आणि दुसऱ्यावर खड्डा दिसला तर दोष कंडेन्सरचा, त्यामुळे पॉइंट घासून चालत नाही, कंडेन्सर बदलावा लागतो. टायमिंग फार पुढे गेले तर किक उलटी मारते आणि ज्याने ती नडगीवर खाल्ली आहे तो पुन्हा टायमिंगच्या बाबतीत चालढकल करत नाही.

बुलेटवरचा अँपिअर मीटरही कामाचा आहे, शोभेचा नाही. इग्निशन चालू करून किक हळूहळू दाबली की पॉइंट मिटलेले असताना काटा उणेकडे झुकतो आणि उघडले की मध्यावर येतो. तिथे थांबायचे, डीकॉम्प्रेसर दाबून पिस्टन किंचित पुढे न्यायचा, मग एकच पूर्ण किक. नीट सेट केलेली बुलेट दुसरी किक मागत नाही. दहा-बारा किका मारणारा माणूस गाडीला शिव्या देत असतो, पण बहुधा ती सेटिंगची तक्रार असते.

वऱ्हाडाची हवा ट्यूनिंगच्या दृष्टीने अवघड आहे, आणि बाहेरून आणलेले आकडे इथे जसेच्या तसे लागू पडत नाहीत. मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ अंश ओलांडतो आणि डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे तो दहाच्या आसपास येतो. ४५ अंशांची हवा १० अंशांच्या हवेपेक्षा सुमारे दहाव्या हिश्शाने विरळ असते. कार्बुरेटरला हे कळत नाही. त्यामुळे थंडीत बरोबर असलेली सेटिंग उन्हाळ्यात पेट्रोल जास्त देते आणि प्लग काळा पडतो. हीच गाडी घेऊन कोणी चिखलदऱ्याला, म्हणजे सुमारे ११०० मीटर उंचीवर, गेले की हवा आणखी विरळ. वर गाडी गुदमरते म्हणून तिथेच स्क्रू फिरवला आणि तसेच खाली परतवाड्याला उतरले, तर सपाटीवर मिश्रण कोरडे होते. त्यात टू-स्ट्रोकला घाट उतरताना वेगळाच धोका असतो. तिचे ऑइल पेट्रोलमधूनच जाते. थ्रॉटल बंद ठेवून गिअरमध्ये लांब उतार उतरला तर इंजिन जोरात फिरते, पण त्याला वंगण मिळत नाही. म्हणून येझदीवाले उतारावर मधूनमधून क्लच दाबून थोडा रेस देतात. ती सवय त्यांना कोणीतरी जाम झालेला पिस्टन दाखवून लावलेली असते.

ऑइलबद्दलचा एक गैरसमज इतका पसरलेला आहे की तो मोडायलाच हवा. उन्हाळा आहे, गाडी तापते, म्हणून पेट्रोलमध्ये थोडे जास्त टू-टी ऑइल घालावे असे पुष्कळांना वाटते. जेटमधून जाणाऱ्या द्रवाचे प्रमाण ठरलेले असते. त्यात ऑइल वाढले म्हणजे तेवढे पेट्रोल घटले. मिश्रण कोरडे होते, इंजिन उलट जास्त तापते आणि सायलेन्सरच्या आतल्या नळीवर काजळी साचते. भीतीपोटी घातलेले ऑइलच गाडीचा जीव घेते.

आता इथेनॉलकडे वळू. पेट्रोलमध्ये दहा टक्के इथेनॉलचे उद्दिष्ट २०२२ मध्ये गाठले गेले, फेब्रुवारी २०२३ मध्ये वीस टक्क्यांच्या ई-२० पेट्रोलची सुरुवात झाली आणि २०२५ पर्यंत ते देशभर पोचले. त्यातून मक्याला मागणी मिळाली, परकीय चलन वाचले, हे वऱ्हाडातल्या शेतकऱ्याने नाकारण्याचे कारण नाही. पण जुन्या कार्बुरेटरचा हिशेब स्वतंत्र आहे. शुद्ध पेट्रोल पूर्ण जळायला वजनाने १४.७ पट हवा लागते, इथेनॉलला ९ पट. वीस टक्के मिसळले की ते प्रमाण १३.५ च्या आसपास येते. नव्या फ्यूएल इंजेक्शनच्या गाडीत सेन्सर हा फरक ओळखतो. चाळीस वर्षांपूर्वी भोक पाडलेला पितळी जेट तो ओळखू शकत नाही, आणि इंजिनाला सात-आठ टक्के इंधन कमी पडते. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातही जुन्या धाटणीच्या दुचाकींचे मायलेज ई-२० वर तीन ते चार टक्क्यांनी घटेल असे नमूद आहे. मायलेजचा प्रश्न लहान आहे. मोठा प्रश्न उष्णतेचा आणि रबराचा. इथेनॉल हवेतले पाणी ओढून घेते. पावसाळ्यात गाडी महिनाभर उभी राहिली तर टाकीच्या तळाशी पाणी बसते, गंज धरतो, जुन्या पेट्रोल कॉकचे बूच आणि रबरी नळी खराब होते.

यावर उपाय आहे, आणि तो जुन्या शहरातल्या दुकानात होतो. मेन जेट एक-दोन नंबरांनी मोठा करायचा, उदाहरणार्थ ९० च्या जागी ९५. नीडलची क्लिप एक खाच खाली घ्यायची, म्हणजे नीडल वर उचलली जाते. नळ्या आणि वॉशर इथेनॉल सहन करणाऱ्या रबराचे टाकायचे. मग गाडी पळवून, थ्रॉटल उघडा असतानाच इंजिन बंद करून प्लग काढून पाहायचा. कॉफीचा रंग असेल तर ठीक, पांढरा असेल तर धोका. २००० साली शिसेयुक्त पेट्रोल बंद झाले तेव्हाही जुन्या इंजिनांच्या व्हॉल्व्ह सीटची अशीच काळजी होती. मिस्त्री आणि लेथवाल्यांनी ती निभावली. या वेळीही निभावतील, पण त्यांना कोणी काही सांगितलेले नाही. ई-२० आले ते पंपावरच्या पाटीतून. ज्यांच्या हातून रोज कार्बुरेटर उघडले जातात त्यांच्यापर्यंत एक पानाचे पत्रकही आले नाही.

यात रस्त्याने भर घातली आहे. जून २०२२ मध्ये अमरावती ते अकोला महामार्गावर ७५ किलोमीटरचा डांबरी पट्टा १०५ तास ३३ मिनिटांत अंथरला गेला आणि त्याची गिनीज बुकात नोंद झाली. रस्ता उत्तम झाला. पूर्वी खड्डे, बैलगाड्या आणि मूर्तिजापूरचा चहा यांमुळे जुनी गाडी दर पंधरा-वीस किलोमीटरला आपोआप थंड व्हायची. आता तीच गाडी मेच्या दुपारी, कोरड्या मिश्रणावर, तासभर एकाच वेगाने पळवता येते. हवेवर थंड होणारे ओतीव लोखंडी इंजिन त्यासाठी बनलेले नव्हते. रिंगा तापून फुगतात, पिस्टन बोअरला घासतो आणि गाडी जाम बसते. मग बोअर मारणे, ओव्हरसाइज पिस्टन, लेथवाल्याकडच्या खेपा, पार्टची वाट. दोष गाडीच्या वयाला लावला जातो, आणि जेट मात्र जुन्या पेट्रोलचाच असतो.

एका बाबतीत मालकांनाही स्पष्ट सांगावे लागेल. सायलेन्सरची आतली नळी काढून टाकणे किंवा फटाके फोडणारा सायलेन्सर बसवणे याला ट्यूनिंग म्हणत नाहीत. टू-स्ट्रोकचा सायलेन्सर पोकळ डबा नसतो. त्याच्या निमुळत्या आकारामुळे परतणारी लहर बाहेर निसटणारे ताजे मिश्रण पुन्हा सिलिंडरमध्ये ढकलते. तो बदलला की आवाज वाढतो आणि ताकद घटते. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार गाडीत असे मनमानी बदल करताही येत नाहीत. आरएक्स १०० ची मूळ ताकद अकरा अश्वशक्ती, १०० किलोच्या आसपासच्या गाडीसाठी ती भरपूर आहे. अरुंद गल्लीत, शाळा आणि दवाखान्यांसमोरून फटफटत जाणारी गाडी जुन्या गाड्यांबद्दल लोकांचे मत जितके बिघडवते तितके कुठल्याच नियमाने बिघडलेले नाही.

खरी काळजी माणसांची आहे. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ निकष लागू झाले आणि नव्या मोटरसायकलींतून कार्बुरेटर जवळपास नाहीसा झाला. पॉइंट-कंडेन्सर तर त्याच्या कितीतरी आधी गेले. आज सोळाव्या वर्षी दुकानात लागलेला पोरगा स्कॅनर लावायला शिकतो, ते त्याने शिकायलाच हवे, पोट त्यावर आहे. पण शून्य गॅप बोटांना कसा लागतो हे त्याला दाखवणारा उस्ताद सत्तरीत आला आहे. त्याने काही लिहून ठेवलेले नाही. प्रत्येक गाडीचा जेट, प्रत्येक गिऱ्हाइकाची सवय त्याच्या डोक्यात आहे.

म्हणून मागणी मोठी नाही. परिवहन खात्याने पुनर्नोंदणीच्या शुल्कात गाडीच्या वयाऐवजी तपासणीतल्या आकड्यांना महत्त्व द्यावे. जी मोटरसायकल उत्सर्जन आणि ब्रेकच्या कसोटीत स्वच्छ उतरते तिला पंचवीस वर्षांची आहे म्हणून जास्त दंडू नये. पन्नाशीच्या कामाच्या गाडीला व्हिंटेजचा मान आणि रोजचा रस्ता या दोन्हींतून एक निवडायला लावू नये. तेल कंपन्यांनी ई-२० साठी जेट, नीडल आणि रबर यांचे मराठी पत्रक काढून ते गॅरेजपर्यंत पोचवावे. आणि आयटीआयच्या दुचाकी दुरुस्तीच्या ट्रेडमध्ये वर्षातले निदान पंधरा दिवस अशा एखाद्या उस्तादाला मानधन देऊन शिकवायला बोलवावे. प्रमाणपत्र नसेल त्याच्याकडे. मोर्णेकाठच्या शेडमध्ये त्याची चाळीस वर्षे आहेत.

ज्यांच्या दारात जुनी गाडी उभी आहे त्यांनी एवढे आजच करावे. एक साधी वही घ्यावी. पुढच्या सर्व्हिसिंगला मिस्त्रीशेजारी बसून मेन जेटचा नंबर, नीडलची खाच, पॉइंटचा गॅप, टायमिंग, प्लगचा रंग आणि पीयूसीच्या चिठ्ठीवरचा कार्बन मोनॉक्साइडचा आकडा तारखेसह लिहून घ्यावा. मे आणि डिसेंबर, दोन्ही वेळा.